भाजावे की शिजवावे?

बँकेच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारची माणसे असतात : पैसे ठेवणारी आणि पैसे काढणारी. मटणाच्या दृष्टीनेही मनुष्यजातीचे दोनच भाग पडतात : भाजणारे आणि शिजवणारे. बाकीचे सगळे भेद माणसाने जेवण झाल्यावर फावल्या वेळात काढलेले आहेत. (शाकाहारी वाचकांनी एवढ्यात पान उलटू नये. त्यांचा नंबर पुढे वांग्याच्या रूपाने लागणार आहे.)

आमचा सातारा-सांगलीचा मुलूख शिजवणाऱ्यांचा. इथे ‘मटण केलंय’ याचा अर्थ ‘रस्सा केलाय’ असाच असतो. पाहुण्याला “मटण कसं झालंय?” म्हणून विचारावे, तर तो फोडीकडे ढुंकूनही न बघता वाटी तोंडाला लावतो, भुरका मारतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि मग मान डोलावतो. तांबड्या-पांढऱ्याचे श्रेय कोल्हापूरने परस्पर आपल्या खात्यावर जमा करून घेतले आहे, त्याबद्दल आम्ही मनातून नाराज असतो. पण वारणेपलीकडच्या पाहुण्यांशी भांडायचे कशाला, म्हणून बोलत नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, दप्तरे वेगळी झाली, एस.टी.चे डेपो वेगळे झाले. रस्सा मात्र कुणी वाटून मागितला नाही. तो अजून संयुक्त खात्यावरच आहे.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या शाखेत एका मोठ्या शहरातून बदलून आलेले तरुण साहेब. माणूस चांगला. पण एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाइलवर एका यंत्राचे चित्र दाखवले. काळ्या रंगाचे, घुमटाकार झाकणाचे, तीन पायांचे आणि दोन चाकांचे. “हा बार्बेक्यू. मागवलाय मी. तुमच्याकडे ग्रिलिंगचं कल्चरच नाही हो. सगळं आपलं रश्शात बुडवायचं.” त्या यंत्राची किंमत ऐकून आमच्या हेडकॅशियरांनी डब्यातली पोळी परत डब्यात ठेवली. आमचे शिपाईमामा आटपाडीकडचे. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “आवं सायेब, ह्येला चाकं कशापायी? मटण पळून जातंय व्हय?”

चाकांचा खुलासा साहेबांना करता आला नाही. पण ‘तुमच्याकडे कल्चरच नाही’ हे वाक्य माझ्या मनात खोटी नोट सापडावी तसे खटकत राहिले. माझा आणि इतिहासाचा रीतसर संबंध दहावीला संपला. पुढे बी.कॉम. झालो, तिथे इतिहास नव्हता, ताळेबंद होता. पण कॉमर्सवाल्याला एक खोड असते. कुठलीही रक्कम नव्या पानावर दिसली की तो मागची पाने उलटून तिचा ‘मागील शिल्लक’चा आकडा शोधतो. मीही शोधला. आणि साहेबांचे ते यंत्र ही नवी नोंद नसून फार जुन्या खात्यावरची उचल आहे, असे माझ्या ध्यानात आले.

मागील शिल्लक थेट अमरकोशात सापडते. आपल्या पूर्वजांनी जो संस्कृत शब्दकोश पोरांकडून घोकून घेतला, त्यात सळईवर भाजलेल्या मांसाला ‘शूल्य’ आणि ‘भटित्र’ असे चांगले शब्द आहेत, आणि हंडीत शिजवलेल्याला ‘उख्य’ आणि ‘पैठर’ असे वेगळे आहेत. म्हणजे भाजणारे आणि शिजवणारे ही माझी वाटणी काही मी डबा खाताखाता केलेली नाही. ती दीड हजार वर्षांची आहे. ज्या मुलांनी हे शब्द पाठ केले त्यांपैकी कितीजणांना ते चाखायला मिळाले, हा प्रश्न वेगळा. आम्हीही ‘परकीय चलन’ या विषयात पहिल्या वर्गात पास झालेलो आहोत.

पुढची नोंद मात्र थेट आपल्या मुलखावर राज्य करणाऱ्या माणसाची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आणि कऱ्हाड-कोल्हापूरचे शिलाहार हे या चालुक्यांचे मांडलिक. तेव्हा सातारा-सांगलीच्या बाराव्या शतकातल्या खवय्यांनी ज्याच्याकडे तक्रार न्यायची, तो वरिष्ठ अधिकारी म्हणजे हाच. या राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. तो ११२९च्या सुमाराचा. शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे इथपासून हत्ती कसे पकडावेत इथपर्यंत सगळे त्यात आहे, आणि त्यात ‘अन्नभोग’ नावाचे एक प्रकरण आहे. इडलीचा नातेवाईक त्यात आहे, वडे आहेत, खेकडे आहेत, कासव आहे, नदीकाठचा उंदीरसुद्धा आहे. आणि त्यात ‘भडित्रक’ आहे : मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे. भडित्र हा शब्द वाचला की मला आपले वांग्याचे भरीतच आठवते. कानाला तरी दोघे चुलतभाऊ वाटतात.

राजाने बारकावे दिले आहेत. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करायचे, ते निखाऱ्यावर भाजायचे, मग मसाल्यात परतायचे आणि दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडायचे. डुकराचे केस काढायला उकळते पाणी वापरायचे, नाहीतर गवत पेटवून ते भाजून काढायचे. आज सकाळी उठून खाटकाच्या दुकानामागे जा. पाय आणि मुंडी जाळावर धरून, केस जाळून, सुरीने खरवडून देणारा पोरगा तिथे बसलेला असतो. सोमेश्वर महाराजांचे नावही त्याने ऐकलेले नसते, पण काम ग्रंथाबरहुकूम चालू असते. नऊशे वर्षे एखादे परिपत्रक इतक्या निष्ठेने पाळले गेल्याचे दुसरे उदाहरण निदान बँकिंग क्षेत्रात तरी नाही.

एक गोष्ट मात्र राजाच्या ताटात नव्हती : मिरची. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेहून आली. मांस मऊ करायला आपण हल्ली जी कच्ची पपई लावतो, तीही त्याच गावची. सोमेश्वराचा सगळा कारभार मिरी, आले, हिंग आणि मोहरीवर. बाराव्या शतकातले ते राजेशाही भडित्र आज सांगलीत एखाद्या खानावळीने वाढले, तर गिऱ्हाईक पहिल्या घासाला विचारील, “मालक, ह्यात तिखट टाकायचं ऱ्हायलंय का?”

मग आमच्याकडे भाजणे मागे का पडले? राजेरजवाडे नव्हते म्हणावे, तर तेही खरे नाही. १७०८ साली शाहू छत्रपतींना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्यांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा भारी नाद. त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याच्या नावाची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. शिकार म्हटली की रान आले, रान म्हटले की शेकोटी आली आणि शेकोटीवर काय झाले असेल ते ओळखायला इतिहास संशोधक मंडळाची गरज नाही. इकडे सांगलीत १८०१ पासून पटवर्धनांचे संस्थान. गणपतीचे मोठे देऊळ बांधणारे ब्राह्मण राजे. तिथल्या पाकशाळेतून भडित्राची अपेक्षा करणे बरे नव्हे. पण कृष्णाकाठच्या लोकांना जिभेचा तोल सांभाळता येतो. त्यांनी विस्तव तोच ठेवला, राख तीच ठेवली, तेल लावून, चिरा देऊन, उलटून पालटून भाजण्याची रीतही तीच ठेवली, आणि निखाऱ्यावर कृष्णाकाठचे वांगे ठेवून दिले. साल काळी पडली, आतला गर मऊ झाला, धुराचा वास मुरला. सगळे झाले ते ‘ग्रिलिंग’च, फक्त कुणी ओरडले नाही. शाकाहारी वाचकांना दिलेला शब्द मी पाळला आहे.

म्हणजे अडचण धर्माची एवढी नव्हती. माझ्या मते अडचण हिशेबाची होती.

आमच्याकडे मटण ही गोष्ट एकट्याने खायची नसते. गावाकडे अजून बोकड पाडला की वाटे घालतात. काळीज, मांडी, बरगडी, चरबी, सगळे थोडे थोडे प्रत्येक वाट्यात. ज्याला जेवढे वाटे हवेत तेवढे त्याने न्यायचे. पण चांगला भाग एकाला आणि हाडे दुसऱ्याला असले काही नाही. सहकाराचा कायदा सरकारने १९०४ साली केला. वाट्याचा कायदा त्याच्या आधीचा असणार. आता हा वाटा घरी येतो. समजा एक किलो. घरात माणसे दहा, त्यात जत्रेचे पाहुणे चार. हे किलोभर मटण सळईवर भाजले, तर तिघांचे पोट अर्धे भरते आणि अकराजण त्यांच्याकडे बघत बसतात. तेच पातेल्यात घातले, हळद-मीठ टाकून अळणी शिजवले, आधी त्याचे पाणी पोरांना आणि म्हाताऱ्यांना दिले, मग कांदा, खोबरे, तीळ भाजून वाटून लावले, घरचा तिखट मसाला घातला आणि वर तांब्या-दीड तांब्या गरम पाणी ओतले, की चौदाजण जेवतात आणि पंधरावा दारात आला तर त्याच्यासाठी आणखी अर्धा तांब्या असतो. अर्थशास्त्रात ज्याला पतनिर्मिती म्हणतात ती हीच. ठेव एक किलोची, कर्जवाटप चौदा माणसांना.

यात शास्त्रही आहे. आमचा बोकड काही बंगल्यात वाढलेला नसतो. दिवसभर माळावर हिंडून त्याचे पाय दणकट झालेले असतात. अशा मांसात कोलॅजेन नावाचा चिवट पदार्थ भरपूर असतो. तो ओल्या, मंद आचेवर तास-दीड तास ठेवला की विरघळून त्याचे जिलेटीन होते. रश्शाला जो अंगचा दाटपणा येतो, बोटे एकमेकांना चिकटतात, तो त्याचाच. हेच चिवट मांस दहा मिनिटांत निखाऱ्यावर भाजा. दात पडतील, मांस तुटणार नाही. भाजायला कोवळे जनावर लागते, म्हणजे ज्याला वाढवून पुढे विकता आले असते ते आजच कापायची ऐपत लागते. मामांना मी विचारले, “तुमच्या धनगरांत तर मेंढरं दावणीला. रोज भाजत असाल.” मामा हसले. म्हणाले, “सायेब, तुमी रोज तिजोरी उगडून नोटा खाता का? मेंढरू म्हंजी आमची फिक्स डिपाजिट. पाय मोडलं, लांडग्यानं फाडलं, तरच ते चुलीवर. तवा मातुर रानात दुसरं काय असतंय? तीन धोंडं, वाळल्या काटक्या आन् मीठ.”

मामांच्या या उत्तराने माझा ताळेबंद एकदम वेगळा दिसू लागला. भाजणारे कोण? एका टोकाला राजा, ज्याला पाहुणे मोजावे लागत नाहीत. दुसऱ्या टोकाला रानातला माणूस, ज्याच्याजवळ पातेले नाही. आणि मधे आपण सगळे, झाकण ठेवून शिजवणारे.

त्या दुसऱ्या टोकाला आणखी एक नोंद आहे आणि ती वाचताना हसू येत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत ‘चान्या’ करीत. मेलेले गुरे ओढून नेण्याचे काम ज्यांच्यावर लादलेले होते, त्यांच्याकडे एका दिवशी मोठ्या जनावराचे ढीगभर मांस यायचे आणि पुढे कित्येक दिवस काहीच नाही. म्हणून त्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या आणि लागतील तशा निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या या खाण्याची सविस्तर नोंद केली आहे. आपल्या नेहमीच्या पाकपुस्तकांच्या अनुक्रमणिकेत चान्या शोधून सापडणार नाहीत.

आणि आमच्या जिल्ह्याचे नाव या गोष्टीत फार जवळून येते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. पुढच्या वर्षी हा मुलगा घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर होते. काय म्हणून? कॅशियर म्हणून. हे वाचले तेव्हा मी काउंटरवरची माझी खुर्ची जरा सरळ करून बसलो. मुले मसूरच्या स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. जवळ खाण्याचे डबे भरलेले होते. वाटेत पाणी मात्र कुणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून भरलेले डबे उशाशी घेऊन मुले उपाशी झोपली.

रस्सा हा पाण्याचा पदार्थ आहे, हे मी वर किती कौतुकाने सांगितले. तांब्यावर तांब्या ओता, चौदाचे पंधरा करा. पण तो तांब्या भरायला विहिरीवर जाण्याचा हक्क गावात सगळ्यांना नव्हता, ही रक्कम आपल्या ताळेबंदात दाखवायची राहून जाते. वाट्यात काळजाचा तुकडा सगळ्यांना सारखा. पण वाटे मोजताना काही घरे मोजायचीच नाहीत, असा तो सहकार होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्याच मुलाने, आता डॉक्टर होऊन, आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस सोडून द्यायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. पाण्याचा आणि मांसाचा हिशेब त्यांनी एकाच अधिवेशनात मांडला, तो का, हे साताऱ्याच्या माणसाला तरी वेगळे समजावून सांगायला नको.

असो. साहेबांच्या यंत्राकडे परत येऊ. ‘बार्बेक्यू’ हा शब्द मूळ कॅरिबियन बेटांवरचा. तिथले लोक काठ्यांची उंच माची बांधून खाली धूर करीत आणि वर मांस ठेवीत. त्या माचीला स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ म्हटले. अशीच माची ‘बुकान’ या नावाने फ्रेंचांनी उचलली. रानटी गुरे आणि डुकरे मारून बुकानवर धुरवणारे जे लोक हिस्पॅनिओला बेटावर होते, ते ‘बुकॅनियर’. पुढे त्यांनी जहाजे लुटायला सुरुवात केली. म्हणजे सिनेमात तलवार दातात धरून दोरावरून उडी मारणारा जो भयंकर चाचा असतो, तो मूळचा मटण वाळवणारा. धंदा बदलला, नाव तेच राहिले. आमच्याकडे धुरावर मांस टिकवायची कुणाला फारशी गरज वाटली नाही, कारण जतचे आणि माणचे ऊन. तिथे एप्रिलमध्ये पापड वाळत घालून घरात जाऊन परत येईपर्यंत तो तळायला तयार असतो. दुसरे म्हणजे सकाळी पाडलेला बोकड रात्री शिल्लक राहिल्याचे उदाहरण आमच्या भावकीत नाही.

तो काळा घुमट तर फारच अलीकडचा. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा एक माणूस बोये तयार करणाऱ्या वेबर कंपनीच्या कारखान्यात काम करीत होता. पाऊस-वाऱ्याने विस्तव विझतो म्हणून वैतागून त्याने एक लोखंडी बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचे झाकण केले. झाले यंत्र. म्हणजे मुळात तोही आमच्यासारखाच. आमच्या लहानपणी रॉकेलचा रिकामा डबा कापून, खाली हवेला खिडकी ठेवून, आत मातीचे लिंपण देऊन जी शेगडी होत असे, ती आणि हा बोया यांत फरक एवढाच, की आमच्या शेगडीचे पेटंट कुणी घेतले नाही.

शेगडीबरोबरच घरातला निखारा गेला, हे भाजणे बंद पडण्याचे दुसरे कारण. १९५०च्या दशकात मुंबईत गॅसचे सिलिंडर आले. आमच्या गल्लीपर्यंत यायला त्यांनी पुढची तीसेक वर्षे घेतली. चूल असताना रोज संध्याकाळी विस्तव मागे उरायचा. त्यात कुणी कांदा पुरायचे, कुणी रताळे, कुणी वांगे. आणि मटणाच्या दिवशी चुलीपुढे बसलेली आजी पातेल्यात काळीज टाकण्यापूर्वी एक तुकडा मीठ लावून निखाऱ्यावर टाकायची. गॅसला ज्योत आहे, निखारा नाही. बटण फिरवले की सगळे संपते, मागे काही उरत नाही. मग भाजलेले मटण घराबाहेर पडले. फाळणीनंतर पेशावरकडच्या मंडळींनी दिल्लीत दर्यागंजला ‘मोती महल’ काढून तंदुरी कोंबडी देशभर लोकप्रिय केली, आणि ती ढाब्याढाब्यांनी मुक्काम करीत पुणे-बंगळूर रस्त्याने आमच्याकडे पोहोचली. आजीच्या निखाऱ्यावरचा तुकडा आम्ही विसरलो आणि लाल रंगाची कोंबडी ‘नवीन पदार्थ’ म्हणून बिल देऊन खाऊ लागलो.

तेव्हा ज्यांना घरी भाजायचे आहे त्यांनी त्या चाकाच्या यंत्रासाठी कर्ज काढू नये. (काढायचेच असेल तर आमच्या शाखेत यावे.) एक जुने लोखंडी घमेले, चार विटा, वर जाडसर पोलादी जाळी, आणि इस्त्रीवाल्याकडून दोन किलो लोणारी कोळसा. दगडी कोळसा नको. त्याचा धूर अन्नाला लावू नये. कोळसा पेटल्यावर घाई करायची नाही. ज्वाळा गेल्या पाहिजेत आणि कोळशावर राखेची पांढरी साय धरली पाहिजे. याला अर्धा-पाऊण तास लागतो. ज्वाळेवर मांस धरले की वरून काजळी आणि आतून कच्चे. जाळीवर वीतभर उंच तळहात धरावा. चार-पाच आकडे मोजून होईपर्यंत चटका सहन झाला तर आच बरोबर. मोजायची सवय असल्यामुळे कॅशियर लोकांना हे चांगले जमते. कोवळे मटण दह्यात, आल्या-लसणात आणि हळदीत तीन-चार तास मुरवावे. हळद सांगलीचीच घ्यावी. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुकडे सुपारीएवढे ठेवावेत, हा सोमेश्वर महाराजांचा आदेश अजून रद्द झालेला नाही.

आणि ज्यांना नुसता धूर हवा आहे त्यांना घमेलेही नको. पातेल्यात मधोमध एक वाटी ठेवावी, वाटीत एक रसरशीत निखारा, निखाऱ्यावर चमचाभर तूप, आणि चटकन झाकण. पाच मिनिटे. याला आपल्याकडे धुंगार देणे म्हणतात. ताकाला देतात, वांग्याला देतात, मटणालाही देतात. बार्बाकोआ, बुकान आणि बोया यांचे सगळे कार्य एका वाटीत. आमच्या घरी ते काम हिच्याकडे आहे. मला निखारा चिमट्यात धरून उभे राहण्याची परवानगी आहे.

साहेबांचे यंत्र आले. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर एका रविवारी आम्ही जमलो. कोळसे पेटले, धूर चारी मजल्यांनी हुंगला. साहेब मनापासून भाजत होते. पण जाळीवर एका वेळी आठ तुकडे बसत आणि जमलेली माणसे पंचवीस. पहिला घाणा निघाला तेव्हा सगळे सभ्यपणे दुसऱ्याकडे बोट दाखवू लागले, दुसऱ्याला थोडे कमी सभ्यपणे, आणि तिसऱ्याला वॉचमनची छोटी मुलगी नेमकी विस्तवाजवळ उभी होती. मामांनी पुढे होऊन एक काळजाचा तुकडा जाळीवरून उचलला, फुंकर मारली आणि तिच्या हातावर ठेवला. कुणी काही बोलले नाही. भाजलेल्याचा कायदाच तसा आहे; तो ताटात येत नाही, विस्तवाजवळ जो असेल त्याच्या हातावर येतो. म्हणून तर त्याचा जमाखर्च कुठल्या वहीत सापडत नाही.

साडेनऊला साहेबांनी घाम पुसत हिला विचारले, “वहिनी, अजून सतराजण राहिलेत. काय करायचं?”

हिने जिन्यात झाकून ठेवलेले मोठे पातेले पुढे ओढले आणि म्हणाली, “काही नाही. भाकरी कुस्करायला घ्या.”